बेअरिंग ठोकून बसवण्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

स्कूटरच्या गिअरबॉक्सची बेअरिंग बदलण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची आपली सविस्तर आणि स्पष्ट प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. स्वतः गिअरबॉक्स उघडून काम केलेल्या माणसाने घेतलेले आक्षेप दोन ओळींत उरकणे योग्य नाही, म्हणून हे उत्तर लांबले आहे.

आपले म्हणणे थोडक्यात असे. स्कूटरच्या मागच्या गिअरबॉक्समधले एकच बेअरिंग (शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा सहज फिरावा म्हणून बसवलेली छर्‍यांची कडी) आवाज करत असताना सगळी बेअरिंग आणि ऑइल सील (ऑइल बाहेर गळू न देणार्‍या कड्या) बदलायला सांगणे म्हणजे वाचकाला विनाकारण खर्चात पाडणे आहे. केसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचे बाहेरचे कवच, तापवून बेअरिंग बसवण्याचा माझा आग्रह हा निव्वळ सोपस्कार आहे, कारण आपण दोन बेअरिंग हातोडीने ठोकून बसवली आणि आवाज त्याच दिवशी बंद झाला. शिवाय खराब बेअरिंग कोणते हे कसे ओळखायचे, ते लेखात कुठेच सांगितलेले नाही.

यातला शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मी थेट गिअरबॉक्स उघडण्यापासून सुरुवात केली. त्याआधीची तपासणी लिहायला हवी होती आणि ती मी लिहिली नाही. ती उणीव इथेच भरून काढतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद ठेवावे आणि मागचे चाक हाताने फिरवावे. इंजिन बंद असताना क्लच सुटलेला असल्यामुळे चाकाबरोबर मागचा अ‍ॅक्सल, मधला शाफ्ट, इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणारा दांडा) आणि क्लच बेल (त्याच्या टोकावरची, क्लचवर बसणारी वाटी) एवढाच भाग फिरतो. इंजिनाचा त्यात वाटा नसतो. खरखर तेव्हाही ऐकू आली आणि ती ब्रेक शू घासल्याची नाही अशी खात्री झाली, की दोष बहुधा गिअरबॉक्समध्येच आहे. मग चाक वरून आणि खालून धरून हलवून पाहावे, आणि कव्हर काढून क्लच बेलही तशीच हलवून पाहावी. चाक डुगडुगत असेल तर आधी अ‍ॅक्सलच्या बेअरिंगकडे पाहावे, बेल डुगडुगत असेल तर इनपुट शाफ्टच्या.

आवाजाची जातही पुष्कळ सांगते. दहा इंची रिमच्या टायरचा घेर साधारण १.३५ मीटर धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ४९० फेरे घेते. गिअरचे प्रमाण नवास एक असेल तर त्याच वेळी इनपुट शाफ्ट मिनिटाला सुमारे ४,४०० फेरे घेत असतो. त्यामुळे इनपुट शाफ्टचे बेअरिंग गेले की बारीक, शिट्टीसारखा आवाज येतो आणि तो वेगाबरोबर चढत जातो, तर अ‍ॅक्सलचे बेअरिंग जाड आवाजात घरघरते.

आता हातोडीबद्दल. इथे मी माझ्या मतावर ठाम आहे आणि त्याचे कारण अनुभवातून आलेले आहे. पहिल्यांदा गिअरबॉक्स उघडला तेव्हा मीही बेअरिंग ठोकूनच बसवले होते. केसिंगमध्ये ते नीट बसले, पण नंतर शाफ्ट आत जाईना म्हणून मी शाफ्टच्या टोकावर लाकडी ठोकळा ठेवून चार-पाच घाव घातले. आवाज लगेच बंद झाला होता, अगदी आपला झाला तसाच. काही महिन्यांनी तो परत आला, तेव्हा मी ते बेअरिंग काढून बाहेरची रिंग कापली आणि आतली धाव, म्हणजे आतल्या रिंगवरची छर्रे जिच्यावरून फिरतात ती खाच, उजेडात तिरकी धरून पाहिली. आरशासारख्या चकचकीत धावेच्या एका कडेला, सारख्या अंतरावर, जितके छर्रे तितकेच अंधूक डाग होते. नखाला ते जेमतेम लागत होते. त्यातल्या दोन डागांपासून पुढे धातूचे बारीक पापुद्रे सुटू लागले होते.

ते डाग माझ्या घावांचे होते. शाफ्टवर घातलेला घाव आतल्या रिंगमधून छर्‍यांत जातो, छर्‍यांतून बाहेरच्या रिंगमध्ये जातो आणि तिथून केसिंगमध्ये. छर्रा आणि धाव यांचा स्पर्श जवळजवळ बिंदूएवढा असतो, त्यामुळे एरवी क्षुल्लक वाटणारा घावही तिथे खड्डा पाडायला पुरतो. म्हणून केसिंगमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर आणि शाफ्टवर बसवताना फक्त आतल्या रिंगवर द्यायचा, हा नियम मी पाळतो. बेअरिंग आधीच केसिंगमध्ये असेल आणि शाफ्ट नंतर घालायचा असेल, तर आतल्या रिंगला मागून नळीचा आधार द्यावा लागतो. हीच पायरी बहुतेक जण विसरतात. आपण जुन्या बेअरिंगची रिंग वर ठेवून ठोकल्याचे लिहिले आहे. केसिंगच्या बाजूपुरते ते चालू शकते, पण शाफ्ट कसा घातला हे आपल्या प्रतिक्रियेत नाही आणि मला काळजी त्याचीच आहे.

केसिंग तापवण्यामागे साधे गणित आहे. अ‍ॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ मिलीमीटर असतो. केसिंग ८० अंशांनी तापवले तर तेवढ्या व्यासाचे घर, म्हणजे बेअरिंग बसते ती खोबण, सुमारे ०.०८ मिलीमीटरने मोठे होते आणि फ्रीजरमध्ये ठेवलेले बेअरिंग त्यात स्वतःच्या वजनाने टक् आवाज करत जाऊन बसते. पाण्याचा थेंब टाकताच चुरचुरून उडाला, की तापमान पुरेसे झाले असे समजावे. मात्र सील आधी काढून ठेवावे आणि एकाच जागी ज्योत धरू नये. साध्या बेअरिंगचे पोलाद साधारण १२० अंशांपर्यंतच मापात राहते, त्यामुळे बेअरिंग आत असताना केसिंग त्याहून अधिक तापवू नये, हेही लेखात यायला हवे होते.

सगळी बेअरिंग बदलण्याचा माझा सल्लाही याच कारणावर उभा आहे. आंधळ्या घरात, म्हणजे मागून बंद असलेल्या खोबणीत बसलेले बेअरिंग पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) काढताना त्याची आतली रिंग धरून ओढावी लागते. तो सगळा ताण छर्‍यांतूनच जातो, त्यामुळे काढण्यापूर्वी चांगले असलेले बेअरिंगही काढल्यानंतर भरवशाचे राहत नाही. शिवाय एक बेअरिंग झडू लागले की त्याची भुकटी त्याच ऑइलमधून बाकीच्या बेअरिंगमध्ये फिरत असते. तरीही आपल्या आक्षेपात तथ्य आहे, ते असे : जे बेअरिंग जागचे हलवलेच नाही, रॉकेलने धुऊन एक थेंब ऑइल सोडल्यावर जे बोटाला गुळगुळीत फिरताना जाणवते आणि ज्याला ढिलाई नाही, ते ठेवायला हरकत नाही. ‘सगळी बदला’ असे सरसकट लिहिणे चुकीचे होते आणि ते वाक्य मी दुरुस्त करत आहे.

सीलबाबत मात्र मी तडजोड करणार नाही. अ‍ॅक्सलचे सील गळू लागले की गिअर ऑइल थेट मागच्या ब्रेक शूवर उतरते आणि ब्रेक लागेनासा होतो. नवे सील घालताना अ‍ॅक्सलवर सीलच्या ओठाने चर पाडली आहे का, हेही बोटाने पाहावे. त्याच वेळी बेअरिंगची जागा निळसर पडलेली किंवा खरवडलेली दिसली, तर आतली रिंग शाफ्टवर घसरत होती असे समजावे. तिथे नवे बेअरिंगही फार टिकत नाही.

आपल्या गाडीपुरती एक विनंती आहे. बेअरिंग बदलून आपण काही शंभर किलोमीटर चालवली असेल, तर गिअर ऑइल पांढर्‍या भांड्यात काढून उन्हात पाहा. राखाडी झाक दिसली तर ती नव्या भागांची सुरुवातीची झीज असू शकते. ऑइल बदला, पातळीपर्यंतच भरा आणि पुढे चालवा. पण नखावर घेतल्यावर चमकणारे चपटे कण दिसले, तर शाफ्ट कोणत्या बाजूने आणि कशाचा आधार देऊन घातला होता ते आठवून मला लिहा. म्हणजे आधी कोणते बेअरिंग उघडून पाहायचे ते आपल्याला ठरवता येईल.