चूलबंद

घरी चार माणसं जेवायला बोलवायची असतील तर आधी पंचांग बघावं, असं आमची आई म्हणते. मी बघितलं होतं. बघूनच फसलो.

सुट्ट्या संपत आल्या होत्या. दादा-वहिनी आणि त्यांची मुलगी पुण्याहून येऊन आठ दिवस झाले होते, ताई-दाजी नांदेडहून येणार होते. ताईचा मुलगा लातूरला नीटच्या क्लासला. सुट्टी कशाला म्हणतात हे त्याला आता डॉक्टर झाल्यावर कळेल, आणि बहुतेक तेव्हाही कळणार नाही, म्हणून त्याला धरलाच नाही. आम्ही नवरा-बायको, आमचा बारा वर्षांचा पोरगा आणि आई इथं परभणीतच. मोजले तर नऊ. मिरग लागायच्या आत एका रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी अंगणात बसावं, रोडगे-वरण खावं, बादलीतले गावरान आंबे चोखावेत, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या गावी जावं, एवढंच मनात होतं. ‘साधंच करू’ असं मी म्हणालो, हेही कबूल करतो.

आता पंचांगाचं. यंदा, म्हणजे २०२६ साली, ज्येष्ठ अधिक आला. १७ मे ते १५ जून. अधिकात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांती नाही. मला वाटलं, चला, बरं झालं. मंगल कार्यालयं ओस, रस्त्यावर वरात नाही, डीजे नाही. ७ जूनचा रविवार कसा मोकळा ढाकळा पडलाय. त्याच रविवारी ठरवून टाकलं.

एक गोष्ट ध्यानात आली नाही. दरवर्षी मे-जूनमध्ये आपण पन्नास जणांना ‘या बरं का’ म्हणतो आणि पंधरा येतात. बाकीचे पस्तीस त्या दिवशी कुठल्या तरी लग्नात अक्षता टाकत असतात. त्यांना वाईट वाटत नाही, आपल्यालाही वाटत नाही, आणि बोलावल्याचं पुण्य मात्र पुरतं पदरात पडतं. लग्नसराई आहे म्हणून मराठवाड्यातला यजमान तगून आहे. यंदा मात्र कुणालाच कुठं लग्न नव्हतं. सगळा जिल्हा रविवारी रिकामा होता, आणि तो मीच पंचांगात बघून निवडला होता. याआधी २०१८ साली असाच ज्येष्ठ अधिक आला होता, तेव्हाच मला अक्कल यायला पाहिजे होती. पण तेव्हा मी पाहुणा होतो. पाहुण्याच्या लक्षात फक्त रस राहतो.

पहिला दणका आईनं दिला.

“रोडगे? धोंड्याच्या महिन्यात जावई घरी येऊ लागला अन् तू त्याला राखेतले रोडगे घालू लागला?”

मी दाजींना फोन लावला. दाजी म्हणाले, “मला काही नको. रोडगेच करा.” जावई ‘काही नको’ म्हणाला की सासुरवाडीत जी धावपळ सुरू होते, ती तो ‘हे हवं, ते हवं’ म्हणाला असता तर झाली नसती. धोंडे ठरले. पुरण ठरलं. तेहतीस अनारसे ठरले, म्हणजे तीन दिवस आधी तांदूळ भिजवणं आलं. ताम्हन, निरांजन, दाजींना कपडे, ताईला साडी. रोडगे राहिले, पण ‘सोबतीला’ म्हणून.

इथंही थांबलं असतं. पण एका जावयाला वाण देऊन दुसऱ्या जावयाला पाणी विचारता येत नाही. चुलत्याची थोरली लेक जिंतूरला, मधली पूर्णेला, धाकटी तर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. तिच्या नवऱ्याला त्याच्या खिडकीतून आमच्या दारातल्या चपला मोजता येतात. त्याला चुकवून परभणीत रोडगे खाणं शक्यच नव्हतं. मग मामेबहिणी निघाल्या. दोन दिवसांत आईनं बोटांवर मोजून हिशेब सांगितला: वापरात असलेले एकूण सहा जावई. सातवा एक आहे, पण तो रुसलेला आहे. त्याला आवतण द्यायचं की नाही यावर रात्री दीड तास चर्चा झाली, आणि रुसलेल्याला सगळ्यांत आधी द्यायचं असं ठरलं. सुदैवानं तो रुसलेलाच राहिला.

आमच्याकडं आवतणाचे प्रकार असतात. ‘घरटी एक’ म्हणजे घरातला एक माणूस येणार, बहुधा कर्ता, आणि तो हात धुऊन लगेच निघणार. ‘सगळे या’ हे बोलायचं असतं, ऐकणाऱ्यानं ते तितकंसं मनावर घ्यायचं नसतं. आणि तिसरं चूलबंद. त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटलीच नाही पाहिजे. म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत, आणि घरात पाहुणा असेल तर त्याच्यासकट, सगळे आमच्याकडं. चूलबंद आवतण आलं आणि गेलं नाही तर तो अपमान. गेलं आणि घरी एक माणूस ठेवून गेलं, तर दीड अपमान.

शेजारच्या चार घरांना मी पोराच्या हाती निरोप धाडला, घरटी एक. पाच मिनिटांत पोरगा परत.

“काय सांगितलं?”

“चूलबंद सांगितलं.”

“कामून रे?”

“आजी म्हणली.”

आतून आवाज आला, “एकट्या माणसाला साक्षीला बोलवतेत. जेवायला नाही बोलवत.”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण सुट्ट्यांमध्ये कोणत्या चुलीवर किती माणसं आहेत, हे जनगणनेच्या मास्तरलासुद्धा सांगता येत नाही. उजवीकडच्या काकूंच्या दोन्ही लेकी माहेरपणाला आलेल्या, एकीची तीन लेकरं, एकीची दोन. समोर एरवी नवरा-बायको दोघंच राहतात, पण त्या आठवड्यात त्यांच्या गच्चीवर रात्री अंथरुणं घालताना मी अकरा गाद्या मोजल्या. आणि या सगळ्यांना आवतण गेलं होतं ते चुलीला.

रोडग्यांसाठी गावाकडच्या काकांना सांगितलं होतं. आर कधी पडला, रोडगा कधी लोटायचा, कधी उलटायचा, हे आमच्या घराण्यात त्या एकट्यालाच कळतं. काकांनी माणसं विचारली नाहीत.

“किती पायलीचं है?”

“नऊ माणसं आहेत, काका.”

“माणसं नको सांगू. माणसायचं काही खरं नसतंय. पायली सांग.”

मी आकडा सांगितला. त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्यांना नवा आकडा कळवत गेलो. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “तू आता दमानं घे. शनवारी रात्रीच एकदा सांग.”

गोवऱ्यांचाही प्रश्न होता. आमच्या वस्तीत आता कुणाच्या दारात म्हैस नाही. पुतणीनं मोबाईलवर शोधून काढल्या, बारा गोवऱ्यांचं खोकं, चार दिवसांत घरपोच. काकांना हे सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, “बारा गोवऱ्यायत उदबत्ती लागती, बाबा.” शेवटी त्यांनीच टेम्पोत चार पोती टाकून आणली. सोबत वांगी, कांदे, आणि ‘रोडगे है म्हणल्यावर कसं राहावं’ असं म्हणणारे तीन जण.

जेवणाचं पुढं काय काय वाढत गेलं ते सगळं सांगत बसत नाही. वहिनींनी दोन महिन्यांपासून गहू सोडलाय. रोडगे आणि धोंडे दोन्ही गव्हाचे, म्हणून त्यांच्यापुरत्या ज्वारीच्या भाकरी. पुतणी वांगं खात नाही, म्हणून तिच्यापुरती भेंडी. आमच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ आणि भेंडीच्या एका वाणाला ‘परभणी क्रांती’ असं नाव दिलेलं आहे. म्हणजे आमच्याकडं मोती भाकरीत असतो आणि क्रांती कढईत होते. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ असं आम्ही उगीच म्हणत नाही. पुतणीला हे सगळं कौतुकानं सांगितलं. तिनं भेंडीकडं बघितलं आणि विचारलं, “पनीर नाहीये का?” पनीरही आलं.

रविवार उजाडला. सकाळी नऊलाच उन्हाचा चटका असा, की फरशीवर सांडलेलं पाणी पुसायला फडकं आणेपर्यंत फरशी कोरडी. नळ आमच्याकडं बऱ्याच दिवसांनी येतो आणि तो यायला अजून दोन दिवस होते, म्हणून टँकर सांगून ठेवला होता. आठला फोन केला. टँकरवाला म्हणाला, “निघालो साहेब, रस्त्यातच है.” दहाला रस्त्यातच होता. दुपारी एकलाही रस्त्यातच होता. परभणी एवढी मोठी आहे हे मला माहीत नव्हतं. दोन कूलर, साठ माणसांचे हात-पाय, एक मोठं पातेलं वरण, आणि हौदात हात बुडवला तर कोपरापर्यंत ओला होईना. समोरच्यांकडून घागरी आणल्या. त्यांनीही हसतमुखानं दिल्या, कारण त्यांची चूल बंद होती.

चार वाजता शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर काकांनी गोवऱ्या रचून पेटवल्या. रोडगे भाजायला माणूस एक लागतो. पण रोडगे भाजताना बघणाऱ्या प्रत्येक पुरुषाला, ज्यानं जन्मात घरी चहा केलेला नाही त्यालासुद्धा, आपल्याला हे येतं असं वाटायला लागतं. आराभोवती बारा जण उभे. एक म्हणाला आर कमी आहे. दुसरा म्हणाला जास्त आहे. पूर्णेचे दाजी म्हणाले, त्यांच्याकडं आधी उकडून घेतेत. काकांनी मान वर करून बघितलं. “त्याला बट्टी म्हणतेत,” ते म्हणाले, आणि पूर्णेचे दाजी पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले.

सहाही जावयांना सासूबाईंनी ओवाळलं. नवे पांढरे शर्ट दिले होते. सगळ्यांना एकच रंग, कारण रंगांत उजवं-डावं झालं असतं तर पुढचा अधिक येईपर्यंत ऐकावं लागलं असतं. सहा जण ओळीनं खुर्च्यांवर, कपाळाला कुंकू, समोर अनारसे. रोडगे आरातून नुकतेच निघत होते, काका ते पोत्यावर घेऊन राख झाडत होते. आणि पश्चिमेकडून वावटळ उठली.

मृगाच्या तोंडावर वाऱ्यानं उठायचं असतं, त्याची काही चूक नाही. तो रिकाम्या प्लॉटवरून आला, चार पोती गोवऱ्यांची राख उचलली आणि आमच्या अंगणात जावयांवर आणून टाकली. अर्ध्या मिनिटाचा खेळ. वारा गेला तेव्हा खुर्च्यांवर सहा करडे पुतळे बसलेले होते, आणि पुतळ्यांचे फक्त डोळे उघडझाप करत होते. कुणी काही बोलेना. मला वाटलं, आता एकाचे सात रुसलेले होणार.

आई पदरानं थोरल्या दाजींचा चेहरा पुसत म्हणाली, “गाईच्या शेणाची है. अंगाला लागलेली चांगली असती.”

त्याच वेळी लाईट गेली. देवानं तेवढी दया केली. अंधारात कुणाचा शर्ट किती काळा झाला ते कुणालाच दिसेना. मोबाईलच्या उजेडात पंगत बसली. पत्रावळ्या साठ आणल्या होत्या, तीन उरल्या, यावरून आकडा काय तो काढा. रोडगे खुसखुशीत झाले होते, असं सगळे म्हणत होते. वरणात तुपाची धार पडल्याचा वास अंधारात जास्तच येतो. आमच्या दाजींनी धोंडे दोन खाल्ले, मानाचे. रोडगे सहा खाल्ले, मनाचे. वहिनींनी भाकरी घेतली आणि ती जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी समोर ठेवली. अंधारात त्या काय चुरत होत्या ते मला माहीत आहे, पण मी बोलणार नाही.

दहाच्या सुमाराला शेवटचं लेकरू खांद्यावर झोपून गेलं. काका रिकामी पोती घेऊन गेले. जाताना म्हणाले, “माणसं चांगली आली. पुढच्या टायमाला मात्र पायली नीट सांग.”

दाजी-वहिनी सोडले तर घरातल्या कुणीच जेवलेलं नव्हतं. एका पातेल्याच्या तळाला वरणाचा ओघळ होता, दुसऱ्यात पनीर निघून गेलेला रस्सा. रोडगा एकही नाही. धोंडे नाहीत. आंब्याच्या कोयी मात्र बादलीभर. ताईनं डब्यातले मुरमुरे काढले, शेवटच्या कळशीत भिजवले, कांदा-मिरचीची फोडणी घातली, वरून दाण्याचं कूट. सुशीला झाला. परात घेऊन गच्चीवर गेलो. लाईट नव्हतीच. वारा मात्र सुटला होता आणि लांब कुठं तरी वीज लवत होती. दादा सतरंजीवर आडवा झाला. दाजी राखेचा शर्ट काढून बनियनवर बसले. आईनं भिंतीला टेकून पाय पसरले. ताईनं वाट्या भरल्या. सहज मोजल्या. नऊ.

तेवढ्यात खाली फाटक वाजलं. पाठोपाठ हॉर्न.

“साहेब, आलो. म्हणलं होतं ना, रस्त्यातच है.”

मी कठड्यावरून वाकलो आणि काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करू लागलो. तोवर आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

“किती जण है रे बाळांनो?”

“दोघं है, आजी. मी अन् हा पोरगा.”

“जेवलात का?”

खालून उत्तर आलं नाही.

“पाणी सोडा अन् वर या.”

ताईनं मुकाट्यानं नऊही वाट्या परातीत परत ओतल्या, आणि अकरा भरायला घेतल्या.