चुंबक रक्तातले लोह ओढत नाही

आमच्या घोडबंदर रस्त्यावरील सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात गेल्या आठवड्यात ‘लहान मुलांच्या हाती घातक वस्तू’ असा एक संदेश फिरला आणि त्याच संध्याकाळी सूनबाईंनी माझ्या साडेचार वर्षांच्या नातीचा डबा माळ्यावर ठेवून दिला. त्या डब्यात चुंबके, खिळे, लाकडाचे ठोकळे, नाणी, छोटी हातोडी आणि गोल टोकाची कात्री होती. संदेशातले दावे चार: चुंबक हाताळल्याने रक्तातील लोह कमी होते, गंजलेल्या लोखंडाला हात लागला की धनुर्वात होतो, वयाच्या सहा वर्षांआधी हत्यारे हाताळणारे मूल हिंसक बनते, सबब घरात फक्त प्लॅस्टिकची खेळणी असावीत. सूनबाईंवर माझा राग नाही, आईचे मन घाबरणारच. राग आहे तो वर ‘डॉक्टरांचा सल्ला’ लिहून खाली एकाही डॉक्टरचे नाव न देणाऱ्यावर.

पहिला दावा वाचून मला आधी हसू आले. रक्तातले लोह हा काही लोखंडाचा कीस नव्हे. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते आणि प्राणवायू वाहणाऱ्या रक्ताला चुंबक खेचत तर नाहीच, उलट अगदी किंचित दूर लोटतो. एमआरआय यंत्राचे चुंबकीय क्षेत्र साधारणपणे दीड किंवा तीन टेस्ला असते, म्हणजे फ्रिजवर लावायच्या चुंबकाच्या शेकडो पट. त्यात अर्धा-अर्धा तास पडून राहिलेली माणसे पांढरीफटक होऊन बाहेर पडत नाहीत. माझी नात मात्र डब्यातल्या चुंबकाने घरभर फिरून लोखंडी तवा एकीकडे आणि ॲल्युमिनियमची कढई व पितळी समई दुसरीकडे अशी वाटणी करते. रुपयाचे नाणे चिकटते, पाचाचे पिवळे नाणे का चिकटत नाही, हे तिने विचारले, तेव्हा पहिले पोलादाचे आणि दुसरे पितळेच्या जातीच्या मिश्रधातूचे, हे मला सांगता आले. स्टीलची काही भांडी चिकटतात आणि काही नाहीत, हे तर तिनेच मला दाखवले. (ज्या स्टीलमध्ये निकेल पुरेसे असते, ते सहसा चिकटत नाही.)

चुंबकापासून धोका आहे, एवढे नाइलाजाने मान्य करावे लागते; पण तो हाताळण्याचा नव्हे, गिळण्याचा. मण्यांएवढी दोन शक्तिशाली चुंबके पोटात गेली, तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मधे चिमटून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. घड्याळातला बटणासारखा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही ती गंभीर भाजते. जे खरोखर सांगायला हवे होते, तेच नेमके या महाशयांनी गाळले आहे.

धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात; गंज हे त्याचे कारण नव्हे. ते खोल जखमेतून शिरतात, मग खिळा गंजका असो की चकचकीत. त्यावर उपाय लसीचा. पाच ते सहा वर्षांच्या वयातला बूस्टर राहिला असेल, तर तो आधी द्यावा.

‘हत्यार’ या शब्दाने लेखकाची दिशाभूल झालेली दिसते. वागळे इस्टेटमधील कारखान्यात तीस वर्षे पान्हा, पकड आणि डिसमिस यांनाच आम्ही हत्यारे म्हणत आलो आणि खंडेनवमीला त्यांनाच हळदकुंकू वाहिले. त्यातून कोणी हिंसक झाल्याचे स्मरत नाही. मुलांच्या हाती खऱ्या वस्तू देणे हे परदेशी खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याकडे पाहावे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, पुढे ते कोसबाडला गेले (दोन्ही गावे आता पालघर जिल्ह्यात आहेत), आणि तेथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, दगड यांवर बालवाडी उभी केली. आसपासच्या वस्तू हाताळत मूल शिकते, हे त्यांनी आदिवासी पाड्यांवर वर्षानुवर्षे दाखवून दिले. कात्री चालवताना मोठ्यांनी शेजारी बसायचे, एवढी अट मला मान्य आहे.

प्लॅस्टिकबद्दल फार लिहीत नाही. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे आहे. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून आणलेल्या बाहुलीवर ते कितीदा दिसते, हे ज्याने त्याने पाहावे.

डबा काल खाली आला. बारीक गोल चुंबके आणि एक जुना सेल मी काढून टाकला. नालेच्या आकाराचे, तिच्या मुठीहून मोठे चुंबक तेवढे ठेवले आहे.