आवाज येत नाही जी!

आमच्या नाट्यमंडळाचं नाव मी इथं लिहीत नाही. मंडपवाल्याची उधारी बाकी आहे आणि तोही मोबाईलवर वाचत असतो. एवढंच सांगतो, की ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात अकरा माणसांचं मंडळ आहे आणि मी त्यातला बारावा. पत्रकावर अकरा नावं छापून येतात. त्याखाली ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. त्याखाली लाइट आणि मेकअप. त्याखाली 'आपापली लहान मुले सांभाळावी'. आणि प्रेसवाल्याकडे त्याखालीही जागा उरली, तर मी. प्रॉम्प्टर.

आमच्याकडे नाटक हे पीक आहे. धान कापून बांधीत पुंजणे उभे राहिले, दिवाळी झाली, की मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू होतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात, आणि जिथं मंडई किंवा पट तिथं रात्री नाटक. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, साऱ्या झाडीपट्टीत होळीपर्यंत हेच. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावोगावचे मंडळवाले तिथं जाऊन तारखा बुक करतात, नागपूर-मुंबईहून कलावंत येतात, मोठा थाट असतो. आम्ही त्यातले नव्हे. कंपनीचा दर ऐकून जे गाव माघारी फिरतं, ते वाटेत आमच्या दिग्दर्शकाच्या घरी चहा प्यायला थांबतं. आमचा दर सांगितला तर कंपनीवाले हसतील आणि नाही सांगितला तर मंडपवाला रडेल, म्हणून राहू द्या.

आमचं पोट बैलांवर. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा आमच्या तीन तारखा बुडाल्या. पट नाही तर पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत तर नाटक कोणासाठी? पुढं डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी परत आली, तेव्हा बैलांपेक्षा आमचा दिग्दर्शक जास्त उधळला.

मी प्रॉम्प्टर कसा झालो, तर गावात झेरॉक्सचं दुकान माझं आहे. पंधरा वर्षांपूर्वी मंडळ हातानं लिहिलेली एक वही घेऊन आलं. ब्याण्णव पानं, तीही दोन शाईंची, आणि मधे कुठं कुठं वरणाचे डाग. मी अकरा प्रती काढल्या. पैसे मागितले. दिग्दर्शक म्हणाला, "पैशाचं काय घेऊन बसला गा, तूही मंडळातच ये." एवढ्या स्वस्तात नाट्यक्षेत्रात कोणी घुसलं नसेल. पैसे अजून आले नाहीत.

त्या वहीत एकेचाळीसावं पान नव्हतंच. त्यामुळं दुसऱ्या अंकात हिरोची बहीण घर सोडून का जाते, हे मंडळातल्या कोणालाच माहीत नाही. चाळीसाव्या पानावर ती स्वयंपाक करते आणि बेचाळीसाव्यावर थेट बसस्टँडवर असते. पंधरा वर्षांत एकाही प्रेक्षकानं विचारलं नाही. बायका तर त्या जागी हमखास रडतात.

लोकांना वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे वाचणारा माणूस. वाचणं हा त्यातला सोपा भाग. सारं वाक्य वाचायचंच नसतं. नटाचा श्वास संपतो तिथं पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द सरकवायचे, तेही अशा आवाजात की नटाच्या कानात जातील पण वर टांगलेल्या माइकात जाणार नाहीत. हा आवाज घशातून येत नाही. तो दातांच्या मागं कुठंतरी असतो आणि तो सापडायला मला दोन सीझन लागले.

शिवाय दर नटाचं खाणं वेगळं. आमच्या हिरोला पूर्ण वाक्य लागतं. 'आई' म्हणायचं असलं तरी आधी मी 'आई' म्हणायचं. खलनायकाला एकच शब्द पुरतो, बाकीचं तो आपल्या मनानं करतो आणि वहीतल्यापेक्षा बरं करतो. पण त्याच्या गालात खर्रा असतो. त्यानं विंगेत येऊन थुंकलं की मग शब्द द्यायचा. आधी दिला तर पहिल्या रांगेत तक्रार होते. कॉमेडीवाल्याला काहीच लागत नाही. तो एकदा सुटला की पंधरा मिनिटं गावच्या सरपंचावर, सुनेवर, सोसायटीच्या कर्जावर बोलतो आणि मग मनात आलं तर नाटकात परत येतो. तोवर मी ओळीवर बोट ठेवून बसतो. थंडीत ते बोट आखडतं. बापाचं काम करणाऱ्या काकांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून माझी बसायची जागा कायम त्यांच्या उजव्या हाताला. बाकी सारी नाट्यरचना त्यावरून ठरते.

दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, आमच्याकडे नटराजापुढं नारळ फुटतो आणि दिग्दर्शक विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत केलेल्या पहिल्या नाटकाबद्दल बोलतो. त्यात सूत्रधार पदं म्हणत असे आणि पात्रं भाषणं ऐन वेळी मनानंच करीत. म्हणजे मराठी रंगभूमीच्या जन्मापासून माझी जागा मंजूरच नव्हती. २०२३ साली झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही चौकात फटाके फोडले. रात्री बायकोनं विचारलं, "आवाज न करणाऱ्यायले नाही का देत तसं काही?"

तिचाही दोष नाही. या धंद्याची सवय घरात शिरते. ती बोलता बोलता थांबली की मी पुढचे दोन शब्द देतो. बहुतेक वेळा ते मीठ, सिलिंडर किंवा माझी आई यांपैकी असतात. साळ्याच्या साक्षगंधात पोरीकडचे मामा उभे राहिले, "आमच्याकडून आम्ही..." म्हणून जरा थांबले. मी आपला मागून हळूच म्हणालो, "मोटारसायकल." मामा म्हणाले, "मोटारसायकल." सासरी त्या दिवसापासून मला मान आहे. हुंडा घ्यायचा नाही असं आधीच ठरलं होतं, आणि मामांना 'पान-सुपारी' म्हणायचं होतं, हे मागाहून कळलं. गाडी आम्ही घेतली नाही. पण मामा अजून मला पाहिलं की तोंड मिटून घेतात.

तर मागच्या जानेवारीत वैनगंगेच्या पलीकडे, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात प्रयोग होता. पटाचं गाव. दिवसभर बैल धावलेले, धूळ अजून खाली बसायची होती. एका रिकाम्या बांधीत ड्रमांवर पाट्या टाकून स्टेज केलेला, पुढं लोक बोऱ्या अंथरून, चादरी पांघरून बसलेले. पत्रकात वेळ दहाची, म्हणजे साडेअकराची. पावणेअकराला काकांचा फोन आला. त्यांचं धान खरेदी केंद्रावर आठ दिवसांपासून पडलं होतं आणि नेमका त्या संध्याकाळी काट्याचा नंबर लागला होता. अजून अर्धे कट्टे मोजायचे होते.

दिग्दर्शक फोनवर ओरडला, "काका, नाटक आहे!"

काका म्हणाले, "नाटक उद्याही होते गा. काटा उद्या होत नाही." आणि ठेवला.

याला कोणाकडंच उत्तर नव्हतं. खलनायकाचंही धान तिथंच होतं. त्यानं उलट आपला नंबर कितवा ते विचारून घ्या म्हणून सांगितलं.

मग हळूहळू साऱ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. दिग्दर्शक म्हणाला, "तुले तर सारंच पाठ आहे."

मला काहीही पाठ नव्हतं. हेच लोकांना पटत नाही. पंधरा वर्षं मी ते नाटक वाचलं आहे, आणि ज्याच्या हातात कायम कागद असतो तो पाठ कशाला करील? माझं सारं नाटक उजव्या हाताच्या पहिल्या बोटात आहे. ते ओळीखालून काढलं की मी पाटी-पेन्सिल घेऊन पहिल्या दिवशी शाळेत आलेलं पोरगं.

मी हे सांगेपर्यंत मला मिशी चिकटली होती.

वही कोणाच्या हातात द्यायची? ऑर्गनवाल्याचा दहावीतला भाचा पट पाहायला आला होता. तो मराठीत हुशार आहे असं मामाच म्हणाला. पोरगं खरंच हुशार होतं. शाळेत वाचतात तसं, कंसासकट वाचायचं.

पडदा उघडला. मी धोतर सावरत आलो. विंगेतून खणखणीत आवाज आला, "रागाने."

मी म्हणालो, "रागाने."

मग विंगेतून पुढचं वाक्य आलं आणि मी ते बोललो. बोललो म्हणजे मला वाटलं बोललो. पंधरा वर्षांत माझा आवाज दातांच्या मागं जाऊन बसला होता, तो पुढं यायला तयार नव्हता. मी हात वर करत होतो, पाय आपटत होतो, ओठ हलत होते, आणि पहिल्या रांगेतली म्हातारी शेजारणीला म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं, "याच्या घशाले काय झालं वो?"

मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज!"

मग चारी बाजूंनी सुरू झालं. "आवाज येत नाही जी! लाइटवाले, माइक वाढवा!" लाइटवाल्यानं माइक वाढवला. तो वाढवल्यावर माझ्या धोतराचा आवाज यायला लागला.

मी घाबरून माइकखाली गेलो आणि एका दमात वाक्य पूर्ण केलं, "आजपासून तू माझा मुलगा नाही." इथपर्यंत ठीक होतं. पण सवय ती सवय. नटाचा श्वास संपला, माझ्या तोंडून पुढचे दोन शब्द आपोआप निघाले. फक्त दोनवर थांबले नाहीत. "मीच हे घर सोडून जातो, बाबा," असं मी हिरोला म्हणालो.

हिरोनं पंधरा वर्षांत माझ्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती. त्यानं लगेच तेच वाक्य म्हटलं. मी त्याला पुढचं दिलं. त्यानं ते घेतलं. दहा मिनिटं स्टेजवर बाप आधी स्वतःचं बोलायचा, मग पोराचं बोलायचा, आणि पोरगा तेच बोलायचा. लोकांना वाटलं बाप पोराला वेडावून दाखवतो. टाळ्या पडायला लागल्या. ऑर्गन थांबवून अनाऊन्समेंट झाली: बापाच्या कामावर खूष होऊन गावच्या एका पाटलांकडून एकावन्न रुपये. मी हात जोडले. हिरोनंही जोडले, त्याला वाटलं तेही नाटकात आहे.

दुसरा अंक कसा गेला ते मला आठवत नाही. एवढं खरं, की विंगेतल्या पोरानं चाळीसावं पान संपल्यावर मोठ्यानं विचारलं, "दादा, एक्केचाळीस कुठं आहे?" आणि हिरोच्या बहिणीनं स्वयंपाक टाकून बसस्टँड गाठलं. पहिल्यांदाच तिला घर सोडायला कारण मिळालं होतं.

तिसऱ्या अंकात बाप मरतो. मला या जागेची फार आशा होती. मेलेल्या माणसाला वाक्य नसतं. मी ठरल्याप्रमाणं छातीला हात लावला, पडलो, वरून शाल टाकली गेली. लाल लाइट. ऑर्गनवर करुण सूर. आता हिरोचं लांबलचक भाषण, त्यावर नाटक पेलतं. पंधरा वर्षं लोक इथं डोळे पुसतात.

हिरो गुडघ्यावर बसला. थांबला. विंगेत पानं चाळल्याचा आवाज येत होता. पोराला पान सापडत नव्हतं. पहाटेचे साडेतीन वाजले होते, तो झोपेत असावा. ऑर्गनवाल्यानं तोच सूर तिसऱ्यांदा वाजवला. हिरोनं शालीखाली माझा हात दाबला. मग आणखी जोरात दाबला. मग चिमटा घेतला.

आणि गंमत पाहा, आडवं पडल्यावर मला सारं आठवत होतं. शब्दन् शब्द. मी शालीच्या आतून, दातांच्या मागून, माझ्या हक्काच्या आवाजात हळूच म्हणालो, "बाबा, मला एकट्याला टाकून..."

माइक पूर्ण वाढवलेला होता, हे मी विसरलो होतो. आयुष्यभर माझा आवाज कुठं पोचला नाही. त्या रात्री तो बांधी ओलांडून पटाच्या मैदानात बांधलेल्या बैलांपर्यंत गेला.

"बाबा, मला एकट्याला टाकून," हिरो हुंदका देत म्हणाला.

"कुठं गेलात," प्रेत म्हणालं.

"कुठं गेलात!"

पहिल्या रांगेतली म्हातारी ताडकन उठून उभी राहिली. "माय वो! अजून जित्ता आहे बाप्पा, बोलून राहिला! दवाखान्यात न्या न गा त्याले!"

यापुढं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. शेकोटीजवळ झोपलेलेसुद्धा उठून आले. पडदा ओढला तरी हसू थांबेना, आणि पडद्यामागं सर्वात जास्त खलनायक हसत होता, त्याचा खर्रा माझ्या शालीवर पडला.

पहाटे समितीवाल्यांनी चहा दिला, ठरलेले पैसे पूर्ण दिले. वर एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, घशाचं काही दाखवलं का. जीपमध्ये दिग्दर्शक माझ्याशी बोलला नाही. वैनगंगेच्या पुलावर धुकं इतकं होतं की ड्रायव्हर डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता.

काकांचं धान मोजलं गेलं, पुढच्या प्रयोगाला ते आले. मी वही घेऊन त्यांच्या उजव्या हाताला बसलो. जग पूर्ववत झालं असं मला चार दिवस वाटलं.

पाचव्या दिवशी दिग्दर्शक माझ्या दुकानात पत्रकाच्या झेरॉक्स काढायला आला होता. उधारीवर. त्याचा फोन वाजला. फोनवर कोणी पवनीकडचे होते, त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्यांना महिन्याअखेरच्या मंडईसाठी नाटक पाहिजे होतं, पण साधं नको. तो मेलेला बाप बोलतो ते नाटक तुमच्याकडं आहे का?

दिग्दर्शकानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून मशीनमध्ये कागद भरू लागलो. "पाहा भाऊ," तो फोनवर म्हणाला, "तसं नाटक आमच्याकडे..." आणि शब्द शोधत थांबला.

"आहे," मी म्हणालो.

"आहे जी," तो म्हणाला.