विहीणबाई आणि कडक भाकरी

"माझ्यासाठी वेगळं काही करू नका हं," असं विहीण म्हणाली की मुलीच्या बापाच्या पोटात गोळा आलाच पाहिजे. हे रक्तातच असतं. विहीण सोलापूरची आहे की पेनसिल्व्हेनियाची, याने त्यात फरक पडत नाही. आमची पेनसिल्व्हेनियाची. स्वभावाने इतकी साधी की लग्नात मानपानाचा 'म' काढला नाही, रुसली नाही, फुगली नाही, उलट शेवटी खुर्च्या उचलू लागली. आमच्या आईला तेव्हापासून दाट संशय आहे की ही बाई मनात काहीतरी धरून आहे.

यंदा थँक्सगिव्हिंगला ती मंडळी आमच्याकडे, न्यू जर्सीला यायची होती. टर्की जावई भाजून आणणार, कारण अख्खा पक्षी आमच्या ओव्हनमध्ये गेला असता तर आईने परतीचं तिकीट अलीकडे आणलं असतं. बाकीचं बायको करणार. माझ्या वाट्याला स्टफिंग आलं, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं या विश्वासाने. शिळ्या पावाचे तुकडे, लोण्यावर परतलेला कांदा आणि सेलरी, सेजची पानं, वरून भाज्यांचा स्टॉक, आणि सगळं ओव्हनमध्ये. पूर्वी हे पक्ष्याच्या पोटात भरून भाजत. आता पुष्कळजण वेगळ्या भांड्यात करतात, कारण पोटात भरलं तर त्याच्या मधोमध 165 फॅरनहाइट भरलं पाहिजे असं इथलं कृषी खातं बजावतं, आणि तोवर वरच्या मांसाचं लाकूड होतं.

आईला मी हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे विहिणीला शिळं वाढणार."

त्यावर मी काही बोलणार तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, एक सांगायचं राहिलं. माझ्या सासूबाईंना सिलिअ‍ॅक आहे. गव्हाचं काहीच चालत नाही. त्या कुणाकडेही गेल्या तरी स्वतःचा डबा नेतात, तू टेन्शन घेऊ नकोस." आणि फोन ठेवता ठेवता, "पण मागे एकदा म्हणाल्या होत्या, निदान झाल्यापासून स्टफिंग खाल्लेलं नाही म्हणून."

झालं. विहीण आमच्या दारात डबा घेऊन येणार, आमच्या पंगतीत बसणार आणि तिथे तो उघडणार! एकेकाळी आमच्याकडे विहिणीची स्वतंत्र पंगत असे. रांगोळ्या काय, उदबत्त्या काय, आग्रह काय. त्या घराण्यातला मी, आणि माझी विहीण प्लॅस्टिकच्या डब्यातली काकडी खाणार?

मी आधी इतिहासाच्या आधाराने सुटायचा प्रयत्न केला. ज्या जेवणाच्या नावाने हा सण करतात त्याचं, म्हणजे 1621 सालच्या, प्लिमथ या इंग्रजांच्या वसाहतीतल्या जेवणाचं वर्णन एडवर्ड विन्स्लो या गृहस्थाच्या पत्रात आहे. त्यात पक्षी आहेत, स्थानिक वाम्पानोआग लोकांनी आणलेली पाच हरणं आहेत, पण स्टफिंगचं नाव नाही. तेव्हा परंपरेला धरून स्टफिंग गाळलं तरी चालेल, असं मी सुचवलं. लेक म्हणाली, "मग हरणं आण."

सिलिअ‍ॅक म्हणजे नखरे नव्हेत, हे लेकीने पहिल्यांदा माझ्या डोक्यात भरलं. गहू, जव आणि राय या धान्यांमधलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठतं. औषध नाही, पथ्य हाच इलाज, आणि तोही जन्मभर. चिमूटभर कणीकही चालत नाही. गुन्हेगार गहू आहे हे विलेम डिके नावाच्या एका डच बालरोगतज्ज्ञाने 1950 च्या प्रबंधात मांडलं. त्याआधी अमेरिकेत 1920 च्या दशकापासून अशा मुलांना चक्क केळ्यांवर ठेवत. हे ऐकून आईचा चेहरा उजळला. "मग एवढा घाट कशाला? शिकरण कर."

शिकरण विहिणीच्या मानाला शोभत नाही, हे तिला दोघांनी मिळून पटवलं.

पुढच्या रविवारी लेकीने व्हिडिओ कॉलवर आमच्या स्वयंपाकघराची झडती घेतली. तोपर्यंत मला वाटत होतं, गहू म्हणजे कणकेचा डबा. तो झाकून ठेवला की संपलं. पण ज्या घरात वर्षानुवर्षं रोज पोळ्या होतात तिथे गहू सर्वव्यापी असतो. पोळपाट बाद. लाटणं बाद. लाकडी उलथनं, लाकडी चमचे बाद, लाकूड सच्छिद्र असतं म्हणून. पोळ्यांचा लोखंडी तवा बाद. पीठ चाळायची चाळणी बाद. टोस्टरकडे तर बघूही नकोस म्हणाली. फ्रिजमधल्या लोण्यावरही तिची नजर गेली, कारण त्यात कुणीतरी पावाला लावलेलीच सुरी परत घातली होती आणि दोन चुरे अजून तिथेच होते. स्टीलची परात तेवढी घासूनपुसून पास झाली.

मला वाटलं, आई आता चिडणार. पोळपाट तिचं, सोलापूरहून आणलेलं. पण ती पुढे होऊन फोनच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे सोवळं. असं सरळ सांग की."

आणि त्या क्षणापासून कारभार माझ्या हातून गेला. तिच्या सासूबाई सोवळ्याच्या कडक. नव्या सुनेला त्यांनी वर्षानुवर्षं ओल्या लुगड्यात उभं केलं होतं. त्या वारल्यावर आईने सोवळं सोडलं ते कायमचं, आणि आता अचानक न्यू जर्सीत तिला ते सव्याज वसूल करायची संधी मिळाली. ओट्याच्या डाव्या अंगाला फॉइल अंथरलं गेलं. नवे चमचे, नवं पॅन, लोण्याचं नवं पाकीट तिकडे. बायको पोळी लाटून उठली की डाव्या अंगाला फिरकायची बंदी. मी सकाळचा टोस्ट खाऊन स्वयंपाकघरात शिरलो तर उंबऱ्यावरच आवाज आला, "हात धुऊन ये. आणि तो शर्ट बदल."

सोवळं असूनही फितुरी आतूनच झाली. कांदा परतताना आईने सवयीने हिंगाची डबी उचलली. स्टफिंगमध्ये हिंग नसतो हे मी सांगेपर्यंत माझं लक्ष डबीच्या लेबलकडे गेलं, कारण एव्हाना मी झोपेतही लेबलं वाचत होतो. घटक दुसरा: गव्हाचं पीठ. निव्वळ हिंग इतका उग्र की तो सहसा कुणी तसा विकत नाही. पिठात आणि डिंकात मिसळून विकतात. काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, बऱ्याच गव्हाचं. आई डबी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं आमटीत कणीक पडत होती?" आणि मग एकदम, "म्हणूनच उपासाला हिंग चालत नाही!" आपले पूर्वज किती शहाणे होते यावर त्या संध्याकाळी बरंच बोलणं झालं. मी मधे पडलो नाही.

लेबलांची एक गंमत सांगायलाच हवी. इथल्या कायद्याने 2006 पासून पाकिटावर गहू असेल तर तो लिहावाच लागतो, पण जवाची तशी सक्ती नाही. त्यामुळे गहू नाही म्हणून आनंदाने उचललेल्या पाकिटात 'माल्ट' या सभ्य नावाने जव बसलेला असतो. खरा भरवसा 'ग्लूटेन-फ्री' या शब्दांचा, कारण तो शब्द छापायचा तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं लागतं. सूप-स्टॉकच्या फळीपुढे मी चष्मा कपाळावर चढवून इतका वेळ उभा होतो की दुकानातल्या पोराने येऊन विचारलं, काका, बरं वाटतंय ना? ओक ट्री रोडवर, म्हणजे आमच्या इथल्या देशी बाजारात, सगळेच काका असतात.

आता पाव. ग्लूटेन-फ्री पाव फ्रीझरमध्ये मिळतो, आकाराने बाहुलीच्या भातुकलीतला आणि किमतीने बाहुलीच्या घराएवढा. त्यात तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका, झँथन गम आणि इसबगोल. आईने यादी ऐकली. "पाव खायचाय की पोट साफ करायचंय?"

त्याचे तुकडे करून मंद ओव्हनमध्ये वाळवले. छान खडखडीत झाले. वर परतलेला कांदा, सेलरी, सेज घातलं. सेजचं पान आईने चुरगाळून हुंगलं आणि म्हणाली, "कापराचा वास येतोय. आरतीचं आहे का हे?" (सेजमध्ये खरोखरच कापूर असतो. तिच्या नाकाचं मला नेहमीच आश्चर्य वाटतं.) मग गरम स्टॉक ओतला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या खडखडीत तुकड्यांनी हाय खाल्ली. गव्हाच्या पावात ग्लूटेनचं जाळं असतं, ते पाणी पिऊनही तुकडा उभा धरतं. या पावात ते काम डिंक आणि इसबगोल करतात, आणि गरम रस पडला की दोघंही राजीनामा देतात. भाजून काढलं तर वर पापुद्रा आणि खाली खळ. बायकोने चमचा उचलला, त्यातून पडायला तयार नसलेला गोळा बघितला आणि म्हणाली, "अहो, पतंग चिकटवायचेत का?"

कमी स्टॉक घालून पाहिला, अंडं घालून पाहिलं, अंड्याने जरा धीर आला. पण दाताखाली काही येईना. दात नसलेल्या विहिणीला चाललं असतं. आमच्या विहिणीचे दात शाबूत आहेत.

आई हे सगळं खुर्चीवर बसून बघत होती. मग म्हणाली, "कडक भाकरी घाल."

सोलापूरकडच्या वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी: ज्वारीची पातळ भाकरी भाजून ती पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. महिनाभर टिकते. झणझणीत आमटीत मोडून टाकली तरी शेवटच्या घासापर्यंत अंग धरून राहते. आईच्या बॅगेत तिची चळतच होती. पण लेकीने फोनवरूनच नकार दिला. आमच्या गिरणीत आधी कुणाचा गहू दळला होता कुणास ठाऊक! इथल्या भारतीय दुकानातल्या ज्वारीच्या पिठालाही तोच आक्षेप. शेवटी अमेरिकन दुकानात प्रमाणित पीठ सापडलं. सुबक पिशवी, वर इंग्रजीत नाव, भाव बदामाचा. जगात सगळ्यांत जास्त ज्वारी हा देश पिकवतो आणि त्यातही सर्वांत जास्त कॅन्सस, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आईने पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "याला विरी नाही." मग आधण ठेवलं, उकळतं पाणी पिठात घालून चमच्याने ढवळलं, आणि पोळत्या पिठातच तळहाताची टाच रोवून ते मळायला घेतलं. दोन्ही हात, पूर्ण भार. कडेने भेगा पडत होत्या. तिने पाण्याचा हात लावला, पुन्हा मळलं, भेगा मिटल्या. परातीत भाकरी थापताना बोटं कडेला नुसती टेकत होती आणि भाकरी आपोआप गोल फिरत मोठी होत होती. पाणी लावलेली बाजू वर ठेवून ती नव्या पॅनवर पडली, उलटली, फुगली. ती फुगताना आईने माझ्याकडे बघितलं, पिशवीवरच्या इंग्रजी नावाकडे बघितलं, आणि काही बोलली नाही.

भाकऱ्या ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर वाळल्या. मोडून अर्ध्या पावात मिसळल्या. अंडं आईने स्वतः फोडून दिलं, स्वतः खात नसूनही. "नातीच्या सासूसाठी," म्हणाली आणि हात साबणाने तीनतीनदा धुतले. तिच्यापुरता छोटा घाणा बिनअंड्याचा झाला.

मंडळी आली. विहीणबाईंच्या हातात डबा होताच. मी काही न बोलता वापरलेली सगळी पाकिटं त्यांच्यापुढे ठेवली: पाव, पीठ, स्टॉक, मीठ, लोणी. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक पाकीट मागून-पुढून वाचलं. लग्नाच्या वेळी पत्रिका पाहिल्या नव्हत्या, ती कसर त्या दिवशी भरून निघाली. मग त्यांनी पॅन कोणतं, चमचे कोणते, हे विचारलं. आईने हाताला धरून त्यांना ओट्याच्या डाव्या अंगाला नेलं आणि मराठीत सगळं सोवळं समजावून सांगितलं. भाषा न कळता त्या मान हलवत होत्या. दोघींचं जमलं, कारण स्वयंपाकघरात कुणावरही विश्वास ठेवायचा नाही यावर त्यांचं मूलतः एकमत आहे.

डबा उघडला गेला नाही. विहीणबाईंनी पहिला घास घेतला, चावला, कुरकुर ऐकली, आणि न मागता पुन्हा वाढून घेतलं. आई त्यांच्या ताटावर नजर ठेवून होती. टर्की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एकटी पडली होती.

व्याही मूळचे कॅन्ससचे, शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांनी एक तुकडा काट्यावर उचलून विचारलं, हे कुरकुरीत काय आहे? मी सांगितलं. ते मनापासून हसले. "माइलो! आम्ही हे गुरांना घालायचो."

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"म्हणतात, त्यांच्या घरीही ज्वारीच पिकायची."

आईचा चेहरा असा फुलला की लग्नातला सगळा संशय तिथल्या तिथे फिटला असावा. ज्वारीवाल्यांशी सोयरिक झाली होती आणि इतके दिवस तिला कुणी सांगितलंही नव्हतं. ती व्याह्यांकडे वळली. "विचार त्यांना, हुरडा करतात का?"

कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून, शेंगाच्या चटणीबरोबर खायची, हे मी मला जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. गोवऱ्यांपाशी जरा अडखळलो. व्याह्यांनी काटा खाली ठेवला. त्यांच्या भावाकडे अजून शेती आहे म्हणाले. कोणत्या महिन्यात यायला हवं?

"पौषात," आई म्हणाली.

पौषात कॅन्ससच्या शेतात ज्वारी नसते, नुसतं बर्फ असतं. पण विमानाची तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात, हे आईला लेकीनेच शिकवलंय, आणि दोघी सध्या त्याच कामात आहेत.