नवस नाही, सराव आहे

डिसेंबरात सोलापूरहून हंपीला सायकलने जायचं, असं आम्ही चौघांनी एप्रिलमध्ये ठरवलं. एप्रिलमध्ये सोलापुरात माणसं काहीही ठरवतात. पारा ४२ वर, डोक्यावर ओला टॉवेल, अशा वेळी डिसेंबर हा शब्द नुसता ऐकला तरी गार वाटतं. विजापूरमार्गे साधारण ३०० किलोमीटर, तीन दिवस. ‘‘रोजचे शंभर. त्यात काय एवढं?’’ असं आमच्यातला एक जण म्हणाला. तो त्यानंतर सरावाला एकदाही आला नाही.

मी मात्र सायकल घेऊनच बसलो. चोवीस गिअरची, एका हाताने उचलता येईल अशी. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, चष्मा पुसून तिच्याभोवती एक चक्कर मारली.

‘‘स्टँड कुठाय?’’

‘‘या सायकलींना नसतं, अण्णा. वजन वाढतं.’’

‘‘मडगार्ड?’’

‘‘नसतं.’’

‘‘कॅरिअर? घंटी? चेनकव्हर?’’

मी गप्प.

‘‘पस्तीस हजार घेतले आणि अर्धीच सायकल दिली की रे तुला.’’

अण्णा लक्ष्मी-विष्णू या कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. तिन्ही पाळ्यांना सायकलवर, मागे डबा, आणि परतताना कधी दळण, कधी मी. मिनिटाला ८० ते ९० पायडल पडले पाहिजेत, असं मी त्यांना मोबाईलवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, आम्ही पायडल मोजत नव्हतो, भोंगा मोजत होतो. दुसरा भोंगा व्हायच्या आत गेटात नाही पोचलं तर पाळी गेली.

पहिल्या दिवशी पहाटे होटगी रस्त्याला लागलो. हेल्मेट, हातमोजे, पिवळाजर्द बनियनवजा शर्ट, पाण्याच्या दोन बाटल्या. सकाळची शाळा होती. सरकारी योजनेतल्या सायकलवरून, पाठीला दप्तर आणि कॅरिअरवर धाकटी बहीण घेऊन एक मुलगी मला मागे टाकून गेली. थोडं पुढे जाऊन तिने वेग कमी केला, मला येऊ दिलं आणि विचारलं, ‘‘काका, चेन पडली का?’’

चेन जागेवर होती. मी हो म्हणालो.

सायकलचा सराव म्हणजे पायांचा सराव, असा एक गैरसमज आहे. पाय बिचारे आठवड्याभरात मुकाट्याने तयार होतात. खरा प्रश्न बसण्याचा. ही सीट म्हणजे गादी नव्हे, नारळाच्या करवंटीला चामडं चढवलेलं. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात उभ्यानेच फायली पाहिल्या, साहेबांना वाटलं कामाचा उत्साह आहे. दुकानदाराने उपाय म्हणून आतून गादी शिवलेली चड्डी दिली आणि कानाशी येऊन सांगितलं, की हिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. चड्डी चालवताना ठीक. पण ती धुऊन दोरीवर वाळत घातली, की मधली गादी अशी काही फुगून बसते, की शेजारच्या काकूंनी सौ.ला बाजूला घेऊन, फार हळू आवाजात, ‘‘ह्यांचं काय ऑपरेशन झालं का हो?’’ म्हणून विचारलं.

अण्णांकडे यालाही तोड होती. ज्या गावाने सगळ्या देशाला चादरी पांघरायला घातल्या आणि टॉवेलने पुसून काढलं, त्या गावचा माणूस कसल्या गाद्या विकत घेतो? त्यांनी कपाटातून एक जाड टर्किश टॉवेल काढला, चौघडी केली, सीटवर ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीने असा आवळला की सीट दिसेना. खरं सांगतो, स्वर्ग. हिप्परगा तलावापर्यंत स्वर्ग. तिथे घामाने टॉवेल भिजला, पट्टी सरकली आणि मी टॉवेलसकट डाव्या बाजूला कलंडलो. रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीने पुढच्या चाकाचीही हवा काढली.

या सगळ्या महिन्यांत मला एकच प्रश्न विचारला गेला: ‘‘कशासाठी?’’ शुगर आहे का? डॉक्टरांनी सांगितलं का? गाडी विकली का? मी ‘असंच’ म्हणायचो आणि समोरचा माणूस दवाखान्यात भेटल्यासारखा चेहरा करायचा.

मग कोजागिरी आली. त्या वेळी सोलापूरहून तुळजापूरला माणसं चालत जातात, रात्रभर, बरीचशी अनवाणी. त्यासाठी वाहतूक दुसरीकडे वळवतात. मी डोकं चालवलं. गाड्या नाहीत, म्हणजे ४५ किलोमीटर मोकळा रस्ता आणि शेवटी घाटाचा सराव. गाड्या खरोखरच नव्हत्या. त्यांच्या जागी माणसं होती, लाखांनी. घंटी नव्हती, म्हणून मी पहाटे चारपासून ‘‘जरा बाजूला, जरा बाजूला’’ करत होतो आणि लोक वळून ‘‘आई राजा उदो उदो’’ म्हणत होते. वाटेत जागोजागी चहा, केळी, खिचडी. एकाने हातावर केळं ठेवलं आणि समजावलं, ‘‘सायकलवर पुण्य लागत नाही ओ. उतरून चाला.’’

घाटात ते आपोआपच झालं. सगळ्यात हलका गिअर टाकला, तरी माझा वेग आणि एका सत्तरीच्या आजीबाईंचा वेग अगदी एक झाला. त्या अनवाणी, मी टॉवेलवर.

‘‘नवस हाय का रं लेकरा?’’

‘‘नाही आजी. सराव आहे.’’

‘‘कसला?’’

‘‘सायकलचा.’’

‘‘म्हंजी आज सायकल चालवायची, कशापायी तर उद्या सायकल चालवायची म्हणून?’’

इतक्या नेमक्या शब्दांत मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली उतरलो. आजींनी एकदा माझ्याकडे, एकदा सायकलकडे पाहिलं आणि हातातली पिशवी हँडलला अडकवली. ‘‘रिकामीच हाय की ही.’’ त्यांच्या जावेने दुसऱ्या बाजूला बोचकं लावलं. मग पाण्याचा कॅन आला, चपलांची पिशवी आली, आणि एक पेंगुळलेला नातू मधल्या दांडीवर आला. आता कुणी ‘कशासाठी’ विचारेना. उलट लोक वाट करून देत होते. मी घाट ढकलत चढलो, नातवाला एका हाताने धरून, आणि महाद्वारापाशी सगळा माल ज्याचा त्याला मोजून दिला. आजींनी कपाळाला कुंकू लावलं, हातावर खोबरं ठेवलं. मोबाईलमधल्या ॲपने हा सगळा घाट ‘विश्रांती’ म्हणून नोंदवला होता.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते हसले नाहीत. ‘‘पिशव्या हँडलला लावल्यास? तोल जातो रे अशाने,’’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर सायकल जागेवर नाही. संध्याकाळी अण्णा ती घेऊन आले. मागे काळं, लोखंडी, स्प्रिंगचं कॅरिअर. हंपीला अजून सात आठवडे आहेत. पुढच्या आठवड्यात स्टँड बसवायचं म्हणतायत.