चेहऱ्याला काही लावायचं नाही

कॉलेजातल्या मुरमांनी गालांवर मागे ठेवलेले खड्डे बुजवायचे म्हणून मी लेझर करून घेतलं. आई म्हणाली, "आता या वयात कुणाला दाखवायचाय?" बायको काही बोलली नाही, तिने फक्त बिल वाचलं.

आधी चेहऱ्यावर बधिर करणारं मलम थापतात, वर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवतात आणि तासभर बाहेर बसवून ठेवतात. तिथे समोरच्या बाकावर आमच्या ऑफिसातले साहेब तशाच अवतारात बसले होते. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही.

मग डोळ्यांवर झाकणं. "दुखणार नाही, जरा चुणचुणेल," असं डॉक्टर म्हणाले आणि टक् टक् सुरू झालं. केस जळल्याचा वास आला. जळतोय तो आपलाच गाल, हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो. हा किरण कातडीतल्या पाण्यावर तुटून पडतो, पाण्याची क्षणात वाफ होते. सगळा गाल एकदम भाजत नाहीत. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक भोकं पाडतात, मधली शाबूत कातडी ती भरून काढते. हा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधून काढला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याचं. म्हणजे भाजलं ते निदान आपल्याच माणसाने.

घरी आल्यावर गाल लालबुंद, मग सूज, मग तपकिरी बारीक खपल्या. हात फिरवला तर पॉलिश पेपर. खरा ताप मात्र पुढेच होता. डॉक्टरांनी बजावलं होतं: व्हॅसलीन लावा, उन्हात जाऊ नका, खपल्या खरवडू नका, आणि बाकी काही म्हणजे काही लावू नका. आपल्या सावळ्या कातडीला भाजलं की काळे डाग धरायची खोड असते. पण 'काही लावायचं नाही' हा उपचार आमच्या घराण्याला मान्य नाही. आई सायीत हळद कालवून वाटी घेऊन उभी. आत्याचा फोन, कोरफड. सासूबाईंचा फोन, आत्याचं ऐकू नका.

खालच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "अगंबाई, गाडीवरून पडलात?" मी हो म्हटलं. लेझर म्हणालो असतो तर बिलाचा आकडाही सांगावा लागला असता. संध्याकाळपर्यंत सोसायटीतून दोन शहाळी, एक मारुतीचा अंगारा (तोही लावायलाच!) आणि हेल्मेटवरचं व्याख्यान एवढं घरपोच आलं. वॉचमनने तेवढी माझी स्कूटर चारी बाजूंनी पाहून घेतली. "कमाल आहे साहेब, गाडीला साधा ओरखडा नाही!"

पुढे खपल्या पडल्या, लाली ओसरली आणि काही महिन्यांनी खड्डे खरंच थोडे उथळ झाले. काकूंनी मला पुन्हा जिन्यात थांबवून दोन्ही गाल उजेडाकडे वळवून पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यासाठी विचारते हो, नक्की कुठल्या रस्त्यावर पडलात?"