कंपनी बुडाली, माणसं कुठे गेली?

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडले. एकीकडे आत्या-काकांची पिढी: बरं झालं, रमीपायी पोरं कर्जबाजारी होत होती. त्यांच्या हाताशी ताजा दाखलाही होता. जुलैतच राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका व्हिडिओवरून झाला. त्यांनी इन्कार केला, कृषी खातं मात्र गेलं आणि बदल्यात मिळालं ते क्रीडा! (त्यावर ग्रुपवर आलेले विनोद इथे लिहिण्यासारखे नाहीत.)

दुसरीकडे एकटा माझा भाचा. मूळ नाशिकचा, मुंबईत एका फँटसी क्रिकेटच्या (खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून आपला संघ बनवायचा आणि त्यावर पैसे लावायचे) कंपनीत इंजिनिअर होता. कायदा झाला, पैशांचा खेळ बंद पडला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या अख्ख्या टीमला घरी बसवलं. त्याचं काम काय होतं हे ग्रुपवर कुणी विचारलंच नाही. नाणेफेक होते, अकरा जणांची नावं जाहीर होतात आणि पुढच्या काही मिनिटांत लाखो लोक एकाच वेळी आपापले संघ बदलायला धावतात. त्या गर्दीत सर्व्हर कोसळू न देणं हे त्याचं काम. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांपासून निकालाच्या वेबसाइटपर्यंत जिथेतिथे हेच कौशल्य लागतं. काकांच्या लेखी मात्र तो 'जुगाराच्या कंपनीतला'. त्यानं मला वेगळा मेसेज केला, "मामा, तुझ्याकडे असं होतं का रे?"

मी फिनलंडमधल्या एस्पूत राहतो, राजधानी हेलसिंकीला लागून. नोकियाचं मुख्यालय इथलंच. माझ्याकडे जे झालं ते याहून कितीतरी मोठं होतं.

२००७च्या अखेरीस जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोबाइलपैकी चार नोकियाचे होते. आपल्याकडे टॉर्चवाला ११०० आठवत नाही असं घर विरळा. आयफोन त्याच वर्षी आला होता, पाठोपाठ अँड्रॉइड आलं आणि सात वर्षांच्या आत, एप्रिल २०१४मध्ये, नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. छप्पन्न लाख वस्तीचा देश, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. त्याचा आधारवडच उन्मळला.

पुढचं भारतातल्या चर्चेत येत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. कपात सुरू झाली तेव्हा, २०११मध्ये, नोकियानं 'ब्रिज' नावाची योजना काढली. जाणाऱ्या माणसापुढे पर्याय ठेवले: कंपनीतच दुसरं काम शोध, बाहेर शोध, नवं काही शिक, नाहीतर स्वतःचा धंदा काढ. धंदा काढणाऱ्याला माणशी पंचवीस हजार युरोपर्यंत मदत मिळे आणि चौघांनी मिळून काढला तर चौघांची मदत एकत्र करता येई. त्यातून वेगवेगळ्या देशांत हजारभर छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. सरकारचा 'स्टार्टिराहा' आधीपासून होताच. नवा धंदा सुरू करणाऱ्याला जास्तीत जास्त वर्षभर महिन्याला साधारण सातशे-आठशे युरो मिळतात. त्यात चैन होत नाही, पण भाड्याला मोठा हातभार लागतो.

इथे एक गोड गोष्ट हमखास ऐकवली जाते: नोकिया बुडालं आणि तिथल्याच लोकांनी गेमिंगचा उद्योग उभा केला. मला ती पटत नाही. 'सुपरसेल' ही गेमची कंपनी २०१०मध्ये काढणारी मंडळी आधीपासून गेमच्याच धंद्यात होती. त्यांचा पहिला गेम फसला. सरकारी 'टेकेस' संस्थेचं कर्ज पाठीशी होतं, म्हणून पुन्हा डाव मांडता आला. २०१२मध्ये 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' आला आणि २०१६मध्ये चीनच्या टेन्सेंटच्या गटानं कंपनीचा ८४ टक्के हिस्सा ८.६ अब्ज डॉलरला घेतला. 'रोव्हिओ'चे संस्थापक २००३मध्ये ज्या विद्यार्थी स्पर्धेत चमकले तिच्या प्रायोजकांत नोकिया होती. पण त्यांचा 'अँग्री बर्ड्स' गेम गाजला तो नोकियाच्या मुळावर उठलेल्या आयफोनवर! आता रोव्हिओही जपानच्या सेगाची आहे. म्हणजे फोन गेले आणि गेमच्या मोठ्या कंपन्यांची मालकीही गेली, पण काम हेलसिंकी-एस्पूत राहिलं आणि कर इथे भरला जातो.

सालोचं काय, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. हेलसिंकीच्या पश्चिमेचं हे गाव नोकियाच्या कारखान्यावर जगायचं. २०१२मध्ये उत्पादन थांबलं, उरलेलं युनिट मायक्रोसॉफ्टनं पुढे बंद केलं. तिथे जुळणी करणारी पन्नाशीची बाई काही गेम डिझायनर झाली नाही. 'ब्रिज' ज्यांच्या कामी आली ते बहुतेक शिकलेले, शहरातले होते. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरलाही नोकियाचा कारखाना होता. करखात्याशी वाद झाला, नोव्हेंबर २०१४मध्ये तो बंद पडला आणि हजारो कामगार, त्यात कितीतरी तरुण मुली, रस्त्यावर आले. २०१९मध्ये ती जागा चार्जर बनवणाऱ्या 'सॅल्कॉम्प'नं घेतली. ही कंपनी मूळची सालोचीच, पण तोवर तिचीही मालकी चिनी झाली होती.

फिनलंडला सोवळं समजण्याचं कारण नाही. इथे किराणा दुकानाच्या दारात जुगाराची यंत्रं असतात. ट्रॉली बाजूला लावून पेन्शनीतले युरो त्यात घालणारे आजोबा मी नेहमी बघतो. कंपनी सरकारी आणि ऑनलाइन जुगारावरही तिचाच मक्ता, तरी लोक परदेशी साइटवर पैसे लावतातच. शेवटी ऑनलाइन जुगार परवाने देऊन खुला करायचं ठरलं. २०२७पासून ते सुरू व्हायचं आहे. बंदी झाली म्हणून खेळणारा सुधारतो यावर माझा विश्वास नाही, तो इथेच उडाला. तरीही आपल्या कायद्याच्या हेतूला मी नावं ठेवणार नाही. रमीच्या जाहिरातींनी जो उच्छाद मांडला होता तो आवरायलाच हवा होता.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या कायद्यात कंपनी चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, प्रोत्साहनाची भाषा आहे, पण एका फटक्यात ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी काहीच नाही. गलेलठ्ठ नफा कमावलेल्या कंपन्यांनीही नोटिशीचा पगार हातावर ठेवला की संपलं. 'फिनलंडला परवडतं' हे उत्तर मला ग्रुपवर लगेच मिळालं. पण माणसं जोखण्याचा, त्यांना दुसरीकडे जोडून देण्याचा खर्च तो काय? क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव झळकवायला या कंपन्यांना कोट्यवधी परवडत होतेच.

महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२५मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं. पार्क, स्टुडिओ, गुंतवणूक, रोजगार, सगळं त्यात आहे. भाचा आणि त्याच्या टीममधले तिघं मिळून आता मराठी शब्दकोड्यांचा एक गेम करताहेत, कुणाच्या तरी रिकाम्या फ्लॅटमध्ये बसून. पार्कमधली जागा त्यांना नको आहे, वर्षभराचं भाडं हवं आहे. त्यासाठी अर्ज कुठल्या खिडकीवर करायचा, हे त्या धोरणातून शोधून देण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे आणि ती खिडकी मला अजून सापडलेली नाही.